वेगाचे कारभारी

'गव्हर्नर' हा शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आला. एक गव्हर्नर राजभवनात उतरला आणि संविधान लागू झाल्यावर राज्यपाल झाला. दुसरा वाफेच्या इंजिनाबरोबर गिरणीत आला, पुढे मालमोटारीच्या इंजिनाला चिकटला आणि आजतागायत गव्हर्नरच राहिला आहे. सरकारी मराठीत त्याला 'वेगनियंत्रक' म्हणतात. महामार्गावरच्या धाब्यावर हा शब्द उच्चारला तर समोरचा चालक प्रश्नार्थक मुद्रेने पाहील. 'गव्हर्नर' म्हटले की त्याची तक्रार लगेच सुरू होईल. या दोन्ही गव्हर्नरांचे कुळ एकच आहे. ग्रीक भाषेत नावेचे सुकाणू धरणाऱ्याला 'कुबेर्नेतेस' म्हणत. त्याचे लॅटिन रूप 'गुबेर्नातोर' झाले, आणि तेथून राज्य हाकणारा व यंत्र हाकणारा असे दोघेही एकाच नावाने ओळखले जाऊ लागले.

प्रस्तुत लेख या दुसऱ्या गव्हर्नराचा आणि त्याच्या दोन अपत्यांचा इतिहास आहे. पहिले अपत्य म्हणजे ट्रक-बसला बसवला जाणारा वेगमर्यादक. तो ठराविक आकड्याच्या वर गाडी जाऊ देत नाही. दुसरे अपत्य म्हणजे क्रूझ कंट्रोल. ते चालकाने पसंत केलेला वेग राखते आणि त्याच्या पायाला विश्रांती देते. दिवाळीला बंगळूरहून कोल्हापूरकडे किंवा हैदराबादहून सोलापूरकडे स्वतःच्या गाडीने निघणाऱ्या आपल्यासारख्या परमुलुखवासी मराठी माणसांना हे दुसरे अपत्य आता चांगलेच परिचयाचे झाले आहे. दोन्ही यंत्रांचे अंतरंग जवळजवळ सारखे असते. फरक इतकाच, की एकात आकडा समाज ठरवतो आणि दुसऱ्यात चालक. हा फरक यंत्रशास्त्राचा नसून कारभाराचा आहे, म्हणूनच त्याला या ठिकाणी जागा द्यावीशी वाटली.

गिरणीतला गव्हर्नर

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ आल्बियन मिल नावाची पिठाची मोठी गिरणी उभी राहिली. ती वाफेवर चाले. जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर वेगानुसार आपोआप राखण्यासाठी तेथे फिरत्या गोळ्यांची एक युक्ती वापरली होती. पवनचक्क्यांच्या कारागिरांना ती आधीपासून ठाऊक होती. मॅथ्यू बोल्टनने ती पाहिली आणि आपला भागीदार जेम्स वॉट याला १७८८ मध्ये कळवली. वॉटने ती वाफेच्या इंजिनाला जोडली.

युक्ती साधी आहे. एका उभ्या दांड्यावर दोन जड गोळे लोंबकळत असतात आणि दांडा इंजिनाबरोबर फिरतो. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेली तरफ हलते आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग घटला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. झडपेवर माणूस उभा करण्याची गरज उरत नाही. यातील मर्म असे, की इंजिनाला नुसता हुकूम दिलेला नाही. हुकमाचे काय झाले याची खबर प्रत्येक फेऱ्यागणिक झडपेपर्यंत परत येते. या परत येणाऱ्या खबरीलाच पुढे 'फीडबॅक' हे नाव मिळाले.

परंतु या गव्हर्नरातही एक उणीव होती. गिरणीवरचा भार वाढला की इंजिनाचा वेग किंचित उतरे आणि तो तसाच उतरलेला राही. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने 'गव्हर्नरांविषयी' असा एक निबंध रॉयल सोसायटीला सादर केला. त्यात त्याने दोन जाती वेगळ्या केल्या. भार बदलला की ज्याचा वेग थोडा ढळतो तो 'मॉडरेटर', आणि भार काहीही असो, जो अखेर मूळ वेगावरच परत आणतो तो खरा 'गव्हर्नर'. वॉटचे यंत्र या व्याख्येनुसार मॉडरेटरच ठरते. तसेच दुरुस्ती फार जोरकस झाली तर यंत्र स्थिर होण्याऐवजी डोलू लागते, हेही त्याने गणिताने दाखवले. ऐंशी वर्षांनी, १९४८ मध्ये, नॉर्बर्ट वीनरने नियंत्रणाच्या नव्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिले, तेव्हा मॅक्सवेलच्या याच निबंधाची आठवण ठेवून 'कुबेर्नेतेस' कडे तो मुद्दाम परत गेला.

रस्त्यावरचा आकडा

इकडे रस्त्यावर मात्र वेगाचा बंदोबस्त यंत्राने नव्हे तर कायद्याने चालला होता. ब्रिटनच्या १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा घातली, आणि वाहनापुढे किमान ६० यार्डांवर तांबडा बावटा घेतलेला माणूस चालला पाहिजे असे ठरवले. १८९६ मध्ये मर्यादा १४ मैलांपर्यंत गेली, १९०३ मध्ये २० मैल झाली. पुढे मोटारी इतक्या वाढल्या आणि २० मैलांची मर्यादा इतकी सर्रास मोडली जाऊ लागली, की १९३० च्या कायद्याने मोटारींवरची वेगमर्यादाच काढून टाकली. जो नियम कोणी पाळत नाही तो ठेवण्यापेक्षा नसलेला बरा, असा त्यामागचा विचार होता. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली आणि १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आली. आकडा लिहिणे, तो मोडला जाणे, तो पुसणे आणि माणसे मेल्यावर पुन्हा लिहिणे हा क्रम पुढे अनेक देशांत दिसतो.

कायद्याचा आकडा थेट यंत्रातच बसवावा, हा विचार कोणाला सुचला नाही असे नाही. १९२३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात ४२ हजारांहून अधिक नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या. शहरातील प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारा गव्हर्नर बसवावा, अशी ती मागणी होती. रस्त्यावर खेळणारी मुले मोटारींखाली सापडत होती. सह्यांमागे तो क्षोभ होता. मोटार विक्रेते आणि मोटारसंघटना खडबडून जाग्या झाल्या. त्यांनी पैसा ओतून प्रचार केला आणि नोव्हेंबरच्या मतदानात प्रस्ताव प्रचंड बहुमताने पडला.

इतिहासकार पीटर नॉर्टन याने दाखवून दिले आहे, की या धक्क्यानंतर मोटारउद्योगाने वादाची भाषाच बदलली. प्रश्न गाडीच्या वेगाचा नसून बेपर्वा चालकाचा आणि कोठूनही रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचा आहे, असे लोकांच्या मनावर ठसवले गेले. तेव्हापासून खाजगी मोटारीतला सक्तीचा गव्हर्नर हा विषय शंभर वर्षे जवळजवळ निषिद्ध राहिला. शहराच्या कारभाऱ्यांपुढे तेव्हा एक स्वस्त, साधा आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असलेला उपाय होता. तो मतपेटीत हरला.

अंध अभियंत्याचे यंत्र

गव्हर्नराचे दुसरे अपत्य वेगळ्याच घरात जन्मले. राल्फ टीटर हा इंडियाना राज्यातील हेगर्सटाउनचा. जन्म १८९०. वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने त्याची दृष्टी कायमची गेली. तरी त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात विनाशिकांच्या टर्बाइनचे फिरते भाग तोल साधून जुळवण्याचे काम त्याने केले. डोळसांना न साधणारे हे काम तो बोटांच्या स्पर्शाने करी. पुढे पिस्टन रिंग बनवणाऱ्या आपल्या घरच्या कंपनीचा तो प्रमुख झाला आणि १९३६ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्षही झाला.

टीटरचा वकील त्याला गाडीतून नेत असे. बोलताना त्याचा वेग मंदावे आणि ऐकताना वाढे. या हिसक्यांनी टीटर वैतागला आणि त्यातून यंत्राची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. त्या काळाचीही एक पार्श्वभूमी होती. दुसऱ्या महायुद्धात मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेल्याने रबर दुर्मिळ झाले, आणि टायर टिकावेत म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेत ताशी ३५ मैलांची मर्यादा लागू झाली. रिकाम्या, सरळ रस्त्यावर तासन्‌तास ३५ वर पाय स्थिर ठेवणे ही शिक्षाच होती.

टीटरला १९५० मध्ये पेटंट मिळाले. त्याच्या मूळ रचनेत यंत्र वेग 'राखत' नव्हते. चालकाने ठरवलेला वेग गाठला की ॲक्सिलरेटरचा पेडल उलट पायावर दाब देई. म्हणजे चालकाला 'आता पुरे' असा इशारा मिळे, आणि तरीही पुढे जायचे असेल तर तो जोर लावून जाऊ शके. त्या वेगावर यंत्र अडकवून ठेवण्याची आणि ब्रेकला पाय लागताच सोडण्याची सोय नंतर जोडली गेली. १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या महागड्या गाड्यांत ते 'ऑटो-पायलट' या नावाने आणले. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव कॅडिलॅकने रूढ केले. पायाला रोखणारे यंत्र अशा रीतीने पायाला मोकळे करणारे यंत्र झाले. बाजाराला पहिले नको होते, दुसरे हवे होते.

यंत्र कसे चालते आणि कोठे थांबते

आजच्या गाडीत गोळे, तरफा काही उरलेले नाही. चाकांजवळचा संवेदक गाडीचा प्रत्यक्ष वेग सांगतो. संगणक तो ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहतो आणि तफावतीच्या प्रमाणात इंजिनाला कमी-अधिक इंधन-हवा देतो. नुसत्या तफावतीवर भागत नाही. चढ लागला की वेग दोन-तीन किलोमीटरने घटून तेथेच रेंगाळतो, हीच ती मॅक्सवेलच्या मॉडरेटरची उणीव. म्हणून संगणक तफावतीची वेळोवेळी बेरीजही करत जातो आणि ती थकबाकी फिटेपर्यंत जोर वाढवतो. थकबाकीची वसुली फार कडक केली तर गाडी ठरलेला वेग ओलांडते, मग मागे येते, पुन्हा ओलांडते. चांगल्या क्रूझ कंट्रोलचे कौशल्य या दोहोंच्या मेळात आहे.

आता त्याच्या मर्यादा. बहुतेक साध्या यंत्रांत सुमारे ताशी ४० किलोमीटरच्या खाली वेग ठरवताच येत नाही. कारण त्या वेगाची जागा म्हणजे गल्ली, बाजार, चौक. तेथे वेग राखण्यापेक्षा थांबण्याची तयारी महत्त्वाची असते. ब्रेक किंवा क्लच दाबला की यंत्र बाजूला होते. साध्या यंत्राच्या हाती फक्त इंजिन असते, ब्रेक नसतो. त्यामुळे तीव्र उतारावर गाडी ठरलेल्या वेगाच्या पुढे पळू शकते. पावसात चाक पाण्याच्या थरावर घसरले तर यंत्राची रस्त्याविषयीची समजूतच चुकते. समोरची गाडी, वळण, आडवे आलेले जनावर यांपैकी काहीही साध्या यंत्राला दिसत नाही.

मित्सुबिशीने १९९५ मध्ये लेसरच्या साह्याने पुढच्या गाडीचे अंतर ओळखून वेग कमी करणारी रचना जपानी बाजारात आणली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजने रडार आणले, तेव्हा गाडी गरजेनुसार स्वतः ब्रेकही लावू लागली. तरीही जबाबदारी चालकाचीच राहिली. शिवाय पाय मोकळा झाला की लक्षही मोकळे होते. ताशी १२० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर कापते. सावध होण्यात गेलेले दोन सेकंद म्हणजे ६६ मीटर.

या सगळ्यात एक मर्यादा मात्र यंत्राची नाही. ८० हा आकडा दिला तर ते ८० राखते, १४० दिला तर १४०. पहिला वेग या रस्त्यावर योग्य आहे आणि दुसरा बेकायदा आहे, हे त्याच्या गावीही नसते. ताशी १०० ऐवजी १४० ने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हे गणित आकडा ठरवणाऱ्याने करावयाचे असते.

पंचावन्न मैलांचा प्रयोग

आकडा ठरवण्याचा सर्वांत मोठा प्रशासकीय प्रयोग अमेरिकेतच झाला, आणि त्याचे कारण सुरक्षा नव्हतेच. १९७३ च्या तेलसंकटानंतर २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आली. रस्त्यांचे नियम हा अमेरिकेत राज्यांचा विषय. म्हणून केंद्राने महामार्गांच्या अनुदानाची नाडी आवळली. मर्यादा नको असेल तर अनुदान सोडा.

मृत्यू खरोखरच घटले. १९७३ मधील सुमारे ५४ हजारांवरून १९७४ मध्ये ते ४५ हजारांवर आले. अर्थात तेल महागल्यामुळे प्रवासही घटला होता. सगळे श्रेय आकड्याला देता येत नाही. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने या मर्यादेमुळे दरवर्षी दोन ते चार हजार प्राण वाचत असावेत असा अंदाज दिला. पश्चिमेकडील लांबच लांब पसरलेल्या राज्यांना ही मर्यादा कधीच रुचली नाही. मोंटाना राज्याने अनुदान राखण्यापुरता कायदा केला आणि दंड ठेवला पाच डॉलर, तोही 'इंधनाच्या अपव्ययाबद्दल'. केंद्राचा हुकूम आणि राज्याची अनिच्छा यांची तडजोड कशी होते, हे भारतीय प्रशासनातील कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांवर ६५ मैलांची मुभा मिळाली आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय मर्यादाच रद्द झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या काळातला एक वाद विशेष महत्त्वाचा वाटतो. १९८५ मध्ये चार्ल्स लेव्ह या अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले, की सरासरी वेगापेक्षा वेगांमधील तफावत अधिक घातक असते. सगळे एकाच वेगाने चालले तर ओलांडण्याचे आणि धडकण्याचे प्रसंग कमी येतात. म्हणून वेगमर्यादा ही मुळात परस्परांशी जुळवून घेण्याची व्यवस्था आहे. त्याच्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली, आणि धडक झाल्यावर कोण वाचेल हे सरासरी वेगच ठरवतो, हेही खरे. पण आपल्या महामार्गांसाठी तफावतीचा मुद्दा विसरण्याजोगा नाही. एकाच पट्ट्यावर ट्रॅक्टर, दुचाकी, गव्हर्नर बसवलेला ट्रक आणि १२० वर क्रूझ कंट्रोल लावलेली मोटार अशी चार शतके एकत्र धावत असतात.

आपल्याकडील वाटचाल

भारतात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, त्यानंतरचा १९३९ चा आणि सध्याचा १९८८ चा. सध्याच्या कायद्याच्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरवते आणि राज्यांना स्थानिक परिस्थितीनुसार तो कमी करता येतो. यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत, तर पोलीस राज्य सूचीत आहेत. त्यामुळे आकडा दिल्लीत लिहिला जातो आणि तो मोजण्याची बंदूक जिल्ह्यातल्या हवालदाराच्या हाती असते, किंवा बहुधा नसते.

१९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम ११८ मध्ये गव्हर्नराची तरतूद होती, पण कोणत्या वाहनांना तो लावायचा हे राज्यांनी अधिसूचित करावयाचे होते. काही राज्यांनी ते केले, बऱ्याच राज्यांनी केले नाही. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीतील वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले बुडाली. दोनच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात आदेश दिला, की दिल्लीत जड व मध्यम परिवहन वाहनांना ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारे साधन लावल्याशिवाय रस्त्यावर येऊ देऊ नये. सिनसिनाटीच्या नागरिकांनी मागितलेला आणि न मिळालेला आकडाही नेमका हाच होता.

देशभरासाठी निर्णायक पाऊल एप्रिल २०१५ च्या अधिसूचनेने पडले. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या परिवहन वाहनांना कारखान्यातच ताशी ८० किलोमीटरचा गव्हर्नर, आणि डंपर, टँकर, शाळेच्या बस, घातक माल नेणारी वाहने यांना ६० चा. दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलिसांची वाहने यांतून वगळली गेली. खाजगी मोटारींना तर हा नियम लागूच नव्हता. त्यांच्या वाट्याला १ जुलै २०१९ पासून आली ती फक्त घंटी: ८० ओलांडल्यावर अधूनमधून, १२० ओलांडल्यावर अखंड. सामान वाहणाऱ्या ट्रकला यंत्र रोखते आणि मालकाच्या मोटारीला यंत्र विनवते, ही वर्गवारी सुरक्षेच्या तर्काने पूर्णपणे समर्थनीय आहे असे मला वाटत नाही.

या काळात मोटारींसाठीचा आकडा वरच गेला. एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गावर मोटारींना १२० आणि विभाजित चौपदरी रस्त्यांवर १०० ची मुभा दिली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. रस्ता १२० साठी बांधला आहे असे अभियंता म्हणतो. त्या रस्त्यावरचा माणूस १२० साठी घडलेला नाही असे न्यायालय म्हणते. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या रकान्यात झाली. हा रकाना सोयीचा असतो, हे मान्य. रस्त्याच्या रचनेतील दोष, उभा ट्रक, चालकाची झोप यांना त्यात सहज लपता येते. तरी तो अर्धा खरा मानला तरी आकडा भयंकर आहे.

यंत्र बसवल्याने काम संपले, हा समज मात्र घातक आहे. गव्हर्नर इंजिनाचे इंधन रोखतो, चाकांना रोखत नाही. बोरघाटातून उतरताना डिझेल वाचवण्यासाठी चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो, तेव्हा इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटतो. मग ८० चा गव्हर्नर असून नसल्यासारखा. योग्यता प्रमाणपत्राच्या दिवशी चालू असलेला गव्हर्नर दुसऱ्या दिवशी एक वायर काढून मुका करता येतो. मोटारींच्या इशाऱ्यांचीही तीच गत. सीटबेल्टची घंटी बंद ठेवणाऱ्या क्लिपा ऑनलाइन इतक्या उघड विकल्या जात होत्या, की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच विक्री-संकेतस्थळांवर कारवाई करावी लागली. ज्या साधनाची खबर कोणीच घेत नाही, ते साधन कागदावर उरते.

खबर परत आणणारा कारभार

वॉटच्या गोळ्यांनी शिकवलेला धडा येथे उपयोगी पडतो. हुकूम, मोजमाप आणि दुरुस्ती हे तिन्ही एका साखळीत असतील तरच नियंत्रण होते. आपली वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी केवळ हुकूम आहे. फलकावर लिहिलेला, उत्तराची अपेक्षा नसलेला. २०१९ च्या दुरुस्तीने अतिवेगाचा दंड हलक्या मोटारींना एक ते दोन हजार आणि जड वाहनांना दोन ते चार हजार रुपये केला. पण दंडाची रक्कम हा तरफेचा एक भाग आहे. सापडण्याची शक्यता हा दुसरा, आणि तोच निखळलेला असेल तर पहिला कितीही लांब केला तरी झडप हलत नाही. त्याच दुरुस्तीने घातलेले कलम १३६-अ महामार्गांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीची जबाबदारी राज्यांवर टाकते. माझ्या मते दंडवाढीपेक्षा हे कलम अधिक मोलाचे आहे.

साखळी पूर्ण झाली की काय होते याची उदाहरणे आपल्याच भोवती आहेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे दगावली होती. त्या वर्षी तेथे 'शून्य मृत्यू' उपक्रम सुरू झाला. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर चौकशी करायची, कारण शोधायचे आणि ते दूर करायचे, मग ते उघडे टोक असलेले कठडे असोत, बेकायदा उभे केलेले ट्रक असोत की चालकांचा वेग असो. पुढच्या चार-पाच वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. बंगळूर–म्हैसूर महामार्गावर २०२३ मध्ये अपघातांचा कहर झाल्यावर कर्नाटकाने वेग मोजणारे कॅमेरे बसवले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने मनाई केली. त्यानंतर मृत्यू बरेच घटल्याचे तेथील पोलिसांनी जाहीर केले. त्यात कॅमेऱ्यांचा वाटा होता, तसाच वेगांमधील तफावत घटवण्याचाही असावा. दुचाकीवाल्या गरीब प्रवाशाला बाजूच्या रस्त्यावर ढकलल्याची किंमत त्यात आहे, हे मात्र नोंदवलेच पाहिजे. याउलट समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हा सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाच्या जागेपणाची खबर कोण घेणार, हा प्रश्न उघडा पडला. एकसुरी प्रवासात पायाला सोडवणारे यंत्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्याची मर्यादा स्वतः ओळखणारी आणि चालकाला जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे. तिच्या मान्य पद्धतींपैकी एक म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पेडलने पायावर उलट दाब देणे. चालक जोर लावून तो ओलांडू शकतो. म्हणजे टीटरची बाजाराने नाकारलेली मूळ कल्पना सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी कायद्याच्या दाराने परत आली आहे. गव्हर्नराच्या दोन अपत्यांमधला हा मधला मार्ग आहे: आकडा समाजाचा, अखेरचा निर्णय चालकाचा, पण त्या निर्णयाची जाणीव त्याच्या पायाला झालीच पाहिजे.

आपल्याकडे हे येण्यास एक पूर्वअट आहे. प्रत्येक रस्त्याची खरी, सकारण ठरवलेली आणि नोंदवलेली मर्यादा यंत्राला मिळाली पाहिजे. आज एकाच महामार्गावर शंभर मीटरच्या अंतराने ८० आणि ४० चे फलक दिसतात आणि त्यांतला कोणता कोणी व का लावला याचा पत्ता कार्यालयातही सापडत नाही. मोटारी त्या अवस्थेला पोहोचण्याआधी जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांनी आपल्या हद्दीतील फलकांची यादी करून प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहावे, आणि कारण नसेल तो फलक उतरवावा. काम कंटाळवाणे आहे, त्याला उद्‌घाटन नाही, फीतही नाही. पण पुढच्या यंत्राला आज्ञा द्यायची असेल तर आधी आपल्याला काय सांगायचे आहे, हे तरी एका जागी लिहिलेले असावे.